अंग बनुबाईचं, सही सुभेदाराची

बनुबाईला राग यायला वेळ लागत नसे, पण जायला मात्र फार लागे. पाणेगावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटाच्या पाण्यावरून शेजारच्या आकारामशी तिचं एकदा वाजलं, तेव्हापासून त्याच्या घरच्या लग्नातली पंगत तिनं कधी घेतली नाही. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन पोचली होती. तिचा राग असा होता. तो माणसं ओळखत असे.

कृष्णाकाठची चार एकर उसाची जमीन तिनं एकटीनं राखली. नवरा नाथाजी फौजेत. वर्षाकाठी दोन महिने रजेवर यायचा पाहुण्यासारखा, आणि पाहुण्यासारखंच तिच्या हातचं गोडधोड खाऊन परत जायचा. तो बर्फात उभा होता तेव्हा इथं विहिरीवर इंजिन बसवायचं बनुबाईनं ठरवलं. कारखान्याकडं उसाची नोंद वेळेत लागली नाही म्हणून शेतकी ऑफिसात जाऊन साहेबाच्या टेबलापुढं ठाण मांडलं ते तिनंच. लेकीचं लग्न तिनं जमवलं, पोराला फौजेत जाऊ द्यायचं की नाही हेही तिनंच ठरवलं. नाथाजी पत्रातून "तू करशील ते बरोबर" म्हणायचा, आणि बनुबाईला ते खरंच वाटायचं.

मग नाथाजी सुभेदार होऊन पेन्शनवर घरी आला, आणि घरात हुकूम सुरू झाले. गोठ्यातल्या बादल्या एका रांगेत लागल्या. गड्यांना हजेरी सुरू झाली. बनुबाई हसण्यावारी नेत राहिली. एवढी वर्षं दुसऱ्याचे हुकूम ऐकून आलेला माणूस, देऊ दे चार दिवस, म्हणाली.

त्या साली, म्हणजे सत्याहत्तरच्या सुमारास, तोडणीचा हंगाम ऐन रंगात असताना न्हाणीत अंग चोळताना तिच्या हाताला डाव्या छातीत गाठ लागली. बोराएवढी. दुखत नव्हती, म्हणून तिनं आधी मनावर घेतलं नाही. पण ऊस गेला, रान मोकळं झालं तरी गाठ होती तिथंच होती, आणि वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली. तेव्हा तिनं नाथाजीला चुलीपुढंच सांगितलं, आडपडदा न ठेवता.

"आवं, माझ्या छातीत गाठ झालीया. डाक्टरला दावाया पायजे."

नाथाजीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन कराडला गेला. तिथले डॉक्टर इनामदार घरोब्यातले, सगळ्या पंचक्रोशीचे. त्यांनी गाठ चाचपली, काख चाचपली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सांगलीला दाखवून या. लवकर."

सांगलीला जाताना धाकटा दीर भाऊसो बरोबर निघाला. भाऊसो सोसायटीचा चेअरमन. चार मोठ्या लोकांत उठबस, त्यामुळं कुठल्याही दारात तोच पुढं. सांगलीतल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात त्याची ओळख निघाली. तिथले सर्जन डॉक्टर कानिटकर. त्यांनी बनुबाईला तपासलं. तपासताना तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. हात वर कर, हात खाली कर, हे नर्सनं सांगितलं. मग ते हात धुता धुता भाऊसोला म्हणाले, "बाईंना बाहेर बसवा जरा. आपण बोलू."

बनुबाई बाहेर बाकावर बसली. दार बंद झालं. आतून नुसती गुणगुण येत होती. मध्येच भाऊसोचं "बरोबर आहे, बरोबर आहे" तेवढं ऐकू यायचं. दार उघडलं तेव्हा नाथाजीचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हनलं डाक्टर?"

"गाठ काढायची. साधी गाठ हाय," नाथाजी म्हणाला. पण तिच्याकडं न बघता म्हणाला.

"वैनी, आजच दाखल व्हायचं," भाऊसो म्हणाला. "समदं ठरवलंय आमी. तुमी काय बी काळजी करायची न्हाई."

बनुबाईला तेव्हाच खटकलं. पण दवाखाना, पांढरे कपडे, औषधाचा वास, यांनी माणूस थोडा दबतोच. ती बायकांच्या वॉर्डात गेली. खाटेवर बसून तिनं पिशवीतलं लुगडं नीट घडी करून उशाशी ठेवलं.

शेजारच्या खाटेवर एक काळीसावळी, उंच बाई बसली होती. कपाळावर ठसठशीत गोंदण. डावा हात तिनं उशीवर ठेवला होता, आणि तो हात तिचा वाटतच नव्हता. खांद्यापासून बोटांपर्यंत सुजून फुगलेला, कातडी ताणून चकाकणारी. उजव्या हातात काकणं होती, डाव्या हातात ती चढलीच नसती.

"कुठल्या वो तुमी?" बनुबाईनं विचारलं.

"आटपाडीकडची. धोंडुबाई. मेंढरामागची मानसं आमी," ती म्हणाली. "तुमाला काय झालंय?"

"गाठ. छातीत. साधी हाय म्हनं. उद्या काढनार."

धोंडुबाईनं तिच्याकडं बघितलं. मग वॉर्डात इकडं तिकडं नजर टाकून तिनं पदर बाजूला केला.

बनुबाईनं जन्मात बरंच काही बघितलं होतं. विताना पाय अडकून मेलेलं वासरू बघितलं होतं, चरकात गेलेला हात बघितला होता. हे मात्र कधी बघितलं नव्हतं. धोंडुबाईची डावी बाजू म्हणजे नुसत्या बरगड्या आणि त्यांच्यावर चिकटलेली पातळ कातडी. गळ्याच्या हाडाखाली खड्डा. काखेत घळ. छातीचं मांस असं कुठं शिल्लकच नव्हतं.

"मला बी साधी गाठच सांगितली हुती," धोंडुबाई म्हणाली. "गेल्या साली. गुंगी दिली, झोपले. जागी झाले तर सगळं पांढऱ्या फडक्यात बांधलेलं. मला वाटलं, गाठ काढली. फडकं सोडलं तवा कळलं. मी त्या नर्सबाईचा हात धरला आन् इचारलं, माझं काय केलंसा? ती म्हनली, तुमच्या मालकाला इचारा."

"आन् मालक?"

"त्यो रडाया लागला. मग त्येलाच गप करावं लागलं मला." धोंडुबाईनं पदर सारखा केला. "आता ह्यो हात वर जात न्हाई. मेंढीचं दूध काढाया येत न्हाई, काठी धराया येत न्हाई. सुजतोय, ठणकतोय. म्हनून परत आणलंय."

"रोग कसला हुता पर?"

"कुनी सांगितला न्हाई अजून. पर मला कळतंय की. ह्या वार्डात छातीच्या बायका येत्यात त्या समद्या त्योच रोग घेऊन. आमच्या धन्याला वाटतंय मला ठावं न्हाई. मी बी दावत न्हाई. त्येला त्येवढंच बरं वाटतंय."

बनुबाई उठली. पायात चप्पल घालायचंही तिला सुचलं नाही. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली नाथाजी आणि भाऊसो उभे होते. संध्याकाळची उन्हं तिरपी झाली होती. तिला तशी अनवाणी येताना बघून नाथाजी दोन पावलं पुढं आला.

"उद्या काय काढनार हायती?" बनुबाईनं विचारलं.

"सांगितलं की तुला. गाठ."

"आवं, माझ्याकडं बघून सांगा."

नाथाजी बघेना. भाऊसो मध्ये पडला. "वैनी, डाक्टर लय मोठा मानूस हाय. आधी गाठ उघडून बघनार. वाईट दिसली तर तिथंच टेबलावर समदं साफ करनार. एका डावात काम. पुन्ना पुन्ना गुंगी न्हाई, काय न्हाई."

"समदं म्हंजी काय?"

भाऊसोनं खिशातली पानाची चंची चाचपली.

"समदं म्हंजी काय, भावजी? तुमच्या सोसायटीचं गोदाम हाय व्हय साफ कराया?"

"तुला कळलं असतं तर घाबरली असतीस," नाथाजी हळूच म्हणाला. "डाक्टर म्हनलं, बायकांना सांगत न्हाईत. धीर सोडत्यात. म्हनून मी सही केली."

बनुबाईचा आवाज चढला तो आवारातल्या सगळ्यांनी ऐकला. पानपट्टीवरची माणसं वळून बघायला लागली.

"मी घाबरले असते? तुमी तिकडं बर्फात हुता, दोन महिनं तुमची खबर न्हवती. गावातली मानसं मला बघून मान खाली घालायची. तवा मी उसाची लागन सोडली व्हय? सासूबाई माझ्या मांडीवर गेल्या, तवा मी घाबरले? अंग माझं. गाठ माझी. मरायचं झालं तर मरनार मी. आन् सही तुमची? कुनाला इचारून केलीसा?"

"बने, हळू बोल. लोक बघत्यात."

"बघू द्यात! उद्या मला उघडी करून पाच गडी बघनार हुते, तवा न्हाई तुमाला लाज वाटली?"

नाथाजी हवालदार असताना गोळीबारात पडून राहिलेला माणूस. त्या दिवशी तो आवारात मान घालून उभा राहिला. भाऊसो मात्र तांबडालाल झाला. "बाईमानसाला डोक्यावर चढवून ठेवलं की असंच हुतं," म्हणत तो पानपट्टीकडं निघून गेला.

सकाळी स्ट्रेचर घेऊन दोन वॉर्डबॉय आले. नर्सनं मंगळसूत्र आणि काकणं काढून द्यायला सांगितलं. बनुबाई लुगडं नेसून, केस विंचरून खाटेवर बसली होती.

"मी येत न्हाई. डाक्टरला हिकडं बोलवा."

डॉक्टर कानिटकर आले ते तणतणतच आले. त्यांच्या आयुष्यात असं पेशंटनं बोलावून घेणं झालं नसावं.

"काय तमाशा आहे हा? तिकडं टेबल लावून माणसं उभी आहेत."

"मला काय झालंय ते सांगा. आन् काय काय काढनार ते सांगा. मग मी सांगते येते का न्हाई."

"तुमच्या मिस्टरांना सगळं सांगितलंय."

"गाठ त्यास्नी झाली न्हाई."

धोंडुबाई आपला जड हात मांडीवर घेऊन बघत होती. डॉक्टरांचा आवाज चढला.

"बाई, कॅन्सर असण्याचा संभव आहे! कळतंय का? कॅन्सर! सगळं काढल्याशिवाय तुम्ही वाचत नसता. आज नको म्हणाल आणि सहा महिन्यांनी रडत याल, तेव्हा माझ्याकडं काही नसेल द्यायला."

शब्द कानात शिरला. बनुबाईनं खाटेची दांडी घट्ट धरली. पण त्या भीतीच्या खाली, तिच्याहून खोल, राग पेटलेला होता, आणि त्या रागानंच तिला सावरून धरलं.

"हे काल सांगाया काय झालं हुतं?" ती म्हणाली. "एक शब्द हाय. काल बी सांगता आला असता. आता दुसरं सांगा. समदं काढलं म्हंजी हात चालंल का? ह्या बाईवानी हुईल का?"

डॉक्टरांनी धोंडुबाईकडं बघितलं सुद्धा नाही. "जीव वाचवायचा की हात?" एवढं म्हणून ते निघून गेले.

बनुबाईनं पिशवी उचलली. जाताना तिनं धोंडुबाईच्या सुजलेल्या हातावरून हात फिरवला. धोंडुबाई म्हणाली, "जा बाई. कुनीतरी जावा हितनं आपल्या पायानं."

कराडपर्यंत एसटीत बनुबाई एकटी पुढच्या बाकावर बसली. गावात शिरण्याआधी भाऊसो म्हणाला, "आता वैदू बगू. खटावकडं एक लेप देनारा हाय, गाठी इरघळत्यात म्हनं."

"लेप तुमच्या डोक्याला लावा," बनुबाई म्हणाली.

कारण ती मरायला निघाली नव्हती. गावाला तसं वाटलं. सुभेदारणीनं हट्ट केला, आता भोगेल, असं वडाच्या पारावर बोललं गेलं. बनुबाईला इलाज हवा होता. फक्त इलाज करणाऱ्यानं तिच्याशी बोलायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी ती एकटी कराडला गेली आणि डॉक्टर इनामदारांच्या पुढ्यात बसली.

"तुमाला हात लावताच कळलं हुतं. व्हय का न्हाई?"

इनामदार गडबडले. "संशय आला होता."

"मग मला का न्हाई बोललासा? माझ्या लेकीचा गोवर, सासूबाईंचा दमा, समदं माझ्याशी बोलत आलासा. माझं सवताचं आलं तवाच वाचा बसली?"

त्यांनी पुन्हा चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, "मिरजेला एक बाई सर्जन आहेत. डॉक्टर साळवे. फटकळ आहेत, पण सांगतात. त्यांना दाखवा. वेळ मात्र घालवू नका, बनुबाई. रागात वेळ जातो."

मिरजेला नाथाजी तिच्याबरोबर आला. तिनं या म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. डॉक्टर साळवे पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती पातळ नेसलेल्या, बोलायला तुटक. त्यांनी बनुबाईला समोरच्या खुर्चीत बसवलं, नाथाजीला बाजूच्या स्टुलावर.

"आधी तुकडा काढून तपासायचा," त्या म्हणाल्या. "जागा बधिर करून. तुम्ही जाग्या असाल. त्या दिवशी त्याहून जास्त काही काढणार नाही. रिपोर्ट आला की बोलू. जो काही येईल तो तुम्हाला सांगणार. चालेल?"

"चालंल," बनुबाई म्हणाली. एवढ्या दिवसांत तिला कुणी पहिल्यांदा "चालेल का" विचारलं होतं. तिला रडू आलं नाही. उलट कानिटकरांचा नव्यानं राग आला. विचारायला एवढंसंच लागतं, आणि तेवढंही त्या माणसानं केलं नव्हतं.

रिपोर्ट वाईट आला. डॉक्टर साळव्यांनी तो शब्द आडवळण न घेता उच्चारला आणि बनुबाईला तो पचवायला अवसर दिला. बनुबाई म्हणाली, "आता वाटा सांगा."

"एक, मोठं ऑपरेशन. स्तन, त्याच्या खालचा छातीचा स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं." साळव्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं. "पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. इथले बहुतेक सर्जन हेच करतात. हात अधू होण्याची भीती असते. दोन, स्तन आणि काखेतल्या गाठी काढायच्या, स्नायू ठेवायचा. परदेशात काही वर्षं करतायत. तुमच्यासारख्या गाठीत बायका तेवढ्याच जगतात असं आत्तापर्यंत दिसलंय. खात्री लागायला अजून वर्षं जातील. तिसरी वाट, नुसती गाठ काढून किरणांचा शेक द्यायचा. त्याची तपासणी आत्ता कुठं सुरू आहे. मला त्यातलं पुरेसं माहीत नाही, आणि तुमची कातडी ओढली गेलीय, काखेतही गाठ लागतेय. मी ती करणार नाही. ऑपरेशन कुठलंही घेतलं तरी तुम्हाला नंतर मुंबईला शेक घ्यावे लागतील असं वाटतं. दीडदोन महिने राहावं लागेल."

"दुसऱ्यात हात सुजायचा न्हाई?"

"सुजू शकतो. काखेतल्या गाठी काढल्या की थोडी भीती राहतेच. पण स्नायू राहिला तर ताकद बरीच राहते. रोज हात चालवावा लागेल, दुखला तरी."

"आन् रोग परत आला तर?"

"तिन्ही वाटांनी येऊ शकतो. गॅरंटी मी देत नाही. जो देईल त्याच्याकडं जाऊ नका."

"तुमी काय केलं असतं, बाई?"

साळव्यांनी पेन खाली ठेवलं. "मी दुसरं घेतलं असतं. पण मी ऊस लावत नाही, आणि मी तुम्ही नाही."

"दुसरंच करा," बनुबाई म्हणाली.

"न्हाई!" नाथाजी स्टुलावरून उठला. "मोठं करा, डाक्टरीनबाई. मुळासकट काढा. हात गेला तरी चालंल. गडी हायती, मी हाय. थोडं ठेवलं आन् त्यातनंच परत उगवलं तर?"

"खाली बसा," बनुबाई म्हणाली.

"बने, हट्ट करू नगं. ही काय पाटाच्या पान्याची पाळी न्हाई."

"हात गेला तरी चालंल कुनाला? तुमाला? ह्या हातानं तुमची जमीन राखली. उद्या मी वसरीला बसून गड्यांना हाका मारू? मला न्हाई चालनार. ऐकलंसा का? मला न्हाई चालनार."

"तू मेलीस तर मी काय करू?"

तो ओरडलाच. बाहेरची शिपाईण डोकावून गेली. नाथाजी तसाच उभा होता, लष्करी मिशा भिजलेल्या. बनुबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिला दया आली, नाही असं नाही. पण तिनं ती बाहेर येऊ दिली नाही. दयेपोटी आता हो म्हटलं असतं, तर धोंडुबाईनं नवऱ्याला गप केलं तसंच ते झालं असतं.

"मेले तर रडा," ती म्हणाली. "ते तुमचं काम. कसं जगायचं ते माझं. बाई, तारीख सांगा."

या खेपेला सही करायची पाळी आली तेव्हा तिनं पेन स्वतःकडं ओढलं. चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरं वाकडी, पण पूर्ण नाव. नात्यातलं माणूस म्हणून खाली नाथाजीनंही सही केली. दवाखान्याचा नियम तसा होता, आणि त्याबद्दलही बनुबाईनं साळव्यांना सुनावलंच. साळवे म्हणाल्या, "नियम मी केलेला नाही. मलाही आवडत नाही."

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर तिचा हात आपोआप डावीकडं गेला, आणि फडक्याखालची सपाट जागा लागली. सगळं माहीत असून, स्वतः ठरवलेलं असून, तिला हुंदका आला. आपलं असं काहीतरी गेलं होतं. त्यावर तोंडाला पदर लावून ती पोटभर रडली. पण फसवलं गेल्याचं रडणं ते नव्हतं, आणि दोन्हीतला फरक तिला पडल्या पडल्या कळत होता.

मुंबईचे शेक तिनं एका धर्मशाळेत राहून घेतले. छातीची कातडी भाजल्यासारखी काळी पडली, अन्नावरची वासना गेली. नाथाजी स्टोव्हवर भात शिजवायचा, तो बहुतेक वेळा करपायचा. ती बोलायची ते कामापुरतं. तो रोज सकाळी तिला भिंतीपाशी उभं करायचा, आणि ती डाव्या हाताची बोटं भिंतीवरून वर वर चढवत न्यायची. डोळ्यात पाणी यायचं. "आनी थोडं," तो म्हणायचा. "मला कळतंय कुठवर ते," ती म्हणायची. तरी थोडं आणखी चढवायची.

गावी आल्यावर कळलं, भाऊसोनं सगळीकडं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगून ठेवलंय. बनुबाई दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन नदीवर गेली. पंधरा-वीस बायका होत्या. चंद्राबाई, भाऊसोची बायको, तीही होती.

"पित्त-बित्त काय न्हाई," बनुबाईनं दगडावर लुगडं टाकत सांगितलं. "छातीत कॅन्सर झाला हुता. एक बाजू काढलीया. कुनाला बगायची आसंल तर घरी या."

बायकांचे हात थांबले. एकदोघी उठून लांबच्या दगडावर गेल्या, रोग लागेल म्हणून. त्यांच्याकडं बघून बनुबाईनं असं धोपटणं हाणलं की पाणी त्यांच्यापर्यंत उडालं.

पुढचा हिवाळा आला. हात खांद्याच्या थोडा वर जाई, जड ओझं उचलवत नसे, दिवस कलला की दंड भरून येई. पण विळा धरवत होता, बैलांचा कासरा धरवत होता. मिरजेला तपासणीत काही नवीन निघालं नाही. साळवे म्हणाल्या, अजून काही वर्षं असंच यायचं. त्यांना विचारून बनुबाईनं सुजलेल्या हाताची पट्टी कशी बांधायची ते शिकून घेतलं. तिला आटपाडीकडं जायचं होतं.

धोंडुबाईच्या वाडीचं नाव तिनं वॉर्डातच विचारून घेतलं होतं. नाथाजी बरोबर आला. विट्याला गाडी बदलून, उतरल्यावर माळावरून बरंच चालून दोघं पोचली. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आत कोकरं. खोपटापुढं एक थकलेला माणूस घोंगडं पांघरून बसला होता. तो हरिबा, धोंडुबाईचा नवरा.

"धोंडुबाई?" बनुबाईनं विचारलं.

"गेली की. दसऱ्याच्या आधी," हरिबा म्हणाला. त्यानं घोंगडं अंथरलं, बसायला सांगितलं. "दुखनं पाठीत शिरलं. पर सुखानं गेली. शेवटपातूर तिला कळू दिलं न्हाई कसला रोग हाय त्यो. डाक्टरनं सांगितलं हुतं, सांगू नगा. म्या न्हाई सांगितलं. लय जड गेलं, पर न्हाई सांगितलं."

तो हे अभिमानानं सांगत होता. बनुबाईच्या हातात पट्टीची गुंडाळी होती. ती बसली नाही.

"तिला ठावं हुतं," ती म्हणाली.

"आँ?"

"समदं ठावं हुतं. तिनंच मला सांगितलं, दवाखान्यात. तुमाला बरं वाटावं म्हनून ती बोलली न्हाई. तुमी तिच्यापासनं लपवत हुता, ती तुमच्यापासनं. एका खोपटात राहून दोघं बी एकटी. कुनासाठी वो? त्या डाक्टरसाठी?"

हरिबाचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हळूहळू वाकला आणि त्यानं कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. नाथाजीनं बनुबाईचा दंड धरला, "बास कर," म्हणाला. तिनं दंड सोडवून घेतला. बोलायला नको होतं का? तिला वाटलं नाही तसं. त्या बाईच्या वतीनं एकदा तरी कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि धोंडुबाई स्वतः आता बोलणार नव्हती. मग बनुबाई हरिबाशेजारी मातीतच बसली आणि त्याचं रडणं संपेपर्यंत उठली नाही.

परतीच्या वाटेवर नाथाजी दोन पावलं मागून चालत होता. माळ संपत आला तेव्हा म्हणाला, "मी बी तसंच म्हनलो असतो. सुखानं गेली म्हनून. लोकांना सांगत बसलो असतो."

"व्हय," बनुबाई म्हणाली. "बसला असतासा."

तिनं त्याला सोपं करून दिलं नाही.

विट्याच्या स्टँडवर कराडची गाडी लागायला वेळ होता. नाथाजीनं हॉटेलाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"च्या सांगू का तुला?"

"च्या नगं," बनुबाई म्हणाली. "मला भजी पायजेत. गरम."

तो भजी आणायला गेला.